बाटलीवर साखरेचं नाव लिहा

मा. आयुक्त,
अन्न व औषध प्रशासन, महाराष्ट्र राज्य, मुंबई

सविनय नमस्कार.

आमचं कोल्हापूर जिल्ह्यात गुऱ्हाळ आहे. दिवाळीच्या आगेमागे चुलवाण पेटतं आणि शिमग्यापर्यंत काहील रिकामी राहत नाही. या दिवसांत तुमच्या खात्याचे अधिकारी गुळाचे नमुने घ्यायला येतात. गुळात साखर मिसळली आहे का, रंग उजळवायची पावडर प्रमाणाबाहेर टाकली आहे का, हे बघतात. ढेपेतला गूळ काढून त्याचे चार भाग करतात, सील लावतात, आमच्या सह्या घेतात. माझ्या सासऱ्यांना या तपासणीचा कधी राग आला नाही. लोक विश्वासानं तोंडात घालतात, तर आत काय आहे ते विकणाऱ्यानं सांगितलंच पाहिजे, असं ते म्हणायचे. मलाही ते पटलेलं आहे.

आज मी विकत घेणारी म्हणून लिहिते आहे. माझी धाकटी मुलगी सहा वर्षांची आहे, पहिलीत जाते. तिला जन्मतःच फ्रुक्टोज, म्हणजे फळांत, मधात आणि साखरेत असणारी एक साखर, चालत नाही. गूळ, साखर, मध, फळं यांतलं काहीही पोटात गेलं तर तिच्या रक्तातली साखर घसरते आणि यकृताला इजा होते. घरातलं जेवण मी सांभाळू शकते. औषधाच्या बाटलीत काय आहे, ते मात्र मला कुणी सांगत नाही. त्यासाठी हे पत्र. आधी काय घडलं ते सांगते, कारण ते ऐकल्याशिवाय माझं मागणं क्षुल्लक वाटेल.

पहिले सहा महिने ती फक्त अंगावर पीत होती आणि बाळसं धरत होती. आईच्या दुधातली साखर वेगळी, तिच्यात फ्रुक्टोज नसतं, हे मला फार नंतर कळलं. सातव्या महिन्यात उष्टावण केलं. तांदळाची खीर, त्यात आमच्याच काहिलीतला नवा गूळ. तिच्या मामानं सोन्याच्या अंगठीनं खीर चाटवली आणि सासूबाईंनी वाटीभर भरवली. तासाभरात ती भडाभडा ओकली. अंग घामानं थबथबलं, ओठ पांढरे पडले. नवा गूळ बाधला, असं सगळे म्हणाले. दुसऱ्या दिवशी नाचणीचं सत्त्व दिलं, पुन्हा गूळ घालून. पुन्हा तेच.

पुढच्या दोन महिन्यांत तिनं तोंड मिटून घ्यायला सुरुवात केली. चमचा दिसला की मान फिरवायची. आम्ही नाक दाबून, मांडीत धरून भरवलं. नाटकं करते, लाडावली आहे, असं म्हणत भरवलं. मीही भरवलं. ते लेकरू स्वतःचा जीव वाचवत होतं आणि आम्ही घरभरची माणसं मिळून त्याचं तोंड उघडत होतो. त्या दिवसांचं सासूबाईंना अजून रडू येतं. मी त्यांना सांगते की तुम्ही मायेनं दिलंत. ते खरंही आहे. पण माया कुठल्या चमच्यातून जाते आहे, हे आम्हांला सांगणारं कुणी नव्हतं.

औषधांनी तर ती आणखी खचली. उलट्या थांबाव्यात म्हणून सिरप, ताप आला म्हणून दुसरं सिरप, भूक लागावी म्हणून तिसरं, गुलाबी आणि गोड. जुलाब लागले तेव्हा मी सगळ्या आयांना शिकवलेलं तेच केलं. उकळून गार केलेल्या पाण्यात साखर आणि मीठ घालून चमच्या-चमच्यानं पाजलं. त्या रात्री तिला झटका आला. दवाखान्यात रक्तातली साखर अगदी खाली गेलेली निघाली. डेक्स्ट्रोजचं, म्हणजे ग्लुकोजचं, सलाईन लागलं आणि थोड्याच वेळात तिनं डोळे उघडून माझ्याकडं बघितलं. आम्ही देवाचे आभार मानले, घरी आलो, आणि डॉक्टरांनी लिहून दिलेले ताकदीचे थेंब सुरू केले. तेही गोड होते. बारा दिवसांनी पुन्हा दवाखाना.

तिसऱ्या खेपेला आम्ही पुण्यातल्या एका मोठ्या रुग्णालयात होतो. यकृत वाढलेलं, डोळ्यांत पिवळेपणा, वजन पाच महिन्यांच्या बाळाएवढं. रात्रपाळीला एक तरुण निवासी डॉक्टर मुलगी होती. तिनं मला कागद दिला आणि म्हणाली, "ताई, गेल्या चार दिवसांत बाळाच्या तोंडात जे जे गेलं ते सगळं लिहा. पाणीसुद्धा." मी लिहिलं. तिनं पेनानं गोल काढले. गूळ, केळं, सफरचंदाचा गर, मध घालून उगाळलेली गुटी, सिरप, सिरप, थेंब. दूध, भाताची पेज आणि तूप यांना गोल नव्हता. ती बराच वेळ कागदाकडं बघत राहिली, मग वरिष्ठांना फोन लावला. त्या रात्रीपासून साखर बंद झाली आणि तिसऱ्या दिवशी माझी मुलगी हसली. जनुक तपासणीचा अहवाल काही आठवड्यांनी आला, पण आमच्यासाठी निदान त्या कागदावर झालं होतं.

या आजाराचं नाव आनुवंशिक फ्रुक्टोज असहिष्णुता. मला तो समजला तो गुऱ्हाळामुळं. साखर म्हणजे ग्लुकोज आणि फ्रुक्टोज यांची जोडी. तोडून दोन-चार दिवस पडलेल्या उसाचा रस आंबूस होतो आणि त्याचा गूळ बसत नाही, चिकट राहतो, पावसाळ्यात पाघळतो. कारण ही जोडी रसातच फुटलेली असते. ती फुटू नये, रसाचा आंबटपणा मरावा, म्हणून आमचा गुळव्या चुन्याची निवळी घालतो. तीच जोडी प्रत्येक माणसाच्या आतड्यात फुटते. पैकी ग्लुकोज माझ्या मुलीला पचतं. अडतं ते फ्रुक्टोजपाशी. यकृतात फ्रुक्टोज आलं की एक विकर (एन्झाइम) त्याला फॉस्फेट जोडतं आणि दुसरं विकर, अल्डोलेज बी, त्याचे तुकडे करून पुढं पाठवतं. माझ्या मुलीचं हे दुसरं विकर काम करत नाही. मग फॉस्फेट जोडलेलं फ्रुक्टोज यकृतात साचत जातं, शरीराचं फॉस्फेट त्यात अडकतं, पेशींची ऊर्जा आटते, आणि यकृत स्वतःकडची साठवलेली साखर रक्तात सोडू शकत नाही. गोड खाल्ल्यावर साखर वाढायच्या ऐवजी घसरते ती यामुळं. हे वारंवार होत राहिलं तर यकृत आणि मूत्रपिंडं दोन्ही निकामी होतात.

अल्डोलेज बीचा जनुक नवव्या गुणसूत्रावर असतो. आईकडून एक आणि वडिलांकडून एक अशा दोन्ही प्रती बिघडलेल्या आल्या तरच आजार होतो. आम्ही दोघं नवरा-बायको धडधाकट, पुरणपोळ्या खाऊन वाढलेलो, आणि दोघंही त्या बिघाडाचे वाहक. प्रत्येक बाळंतपणात चारांत एक अशी शक्यता. हे मी मुद्दाम लिहिते, कारण निदान होण्याआधी भावकीत बोललं गेलं ते फक्त सुनेच्या दुधाबद्दल आणि सुनेच्या माहेराबद्दल.

वैद्यकाला हे नवं नाही. १९५६ साली 'लॅन्सेट' या लंडनच्या वैद्यकीय साप्ताहिकात एका तरुण स्त्रीची हकीगत छापून आली. फळं आणि साखर खाल्ली की तिला मळमळायचं, पोटात दुखायचं, चक्कर यायची. पुढच्या पाच-सहा वर्षांत युरोपातल्या डॉक्टरांनी घराण्यांचा अभ्यास करून कुठलं विकर कमी आहे तेही शोधून काढलं. तिकडे साधारण वीस ते तीस हजार बाळांमागे एकाला हा आजार असतो असं धरतात. जर्मनीत एके काळी शस्त्रक्रियेनंतर फ्रुक्टोजची आणि सॉर्बिटॉलची (शरीरात ज्याचं फ्रुक्टोज होतं अशा गोड द्रव्याची) सलाईनं सर्रास दिली जात. निदान न झालेली, आयुष्यभर गोड टाळून जगलेली माणसं त्या सलाईनांनी दगावली. घरी स्वतःला सांभाळलेलं माणूस रुग्णालयात, भुलेच्या अमलाखाली, नको म्हणू शकलं नाही. माझ्या मुलीच्या प्रत्येक कागदावर मी लाल शाईनं लिहिते : सलाईन फक्त डेक्स्ट्रोज किंवा मिठाचं. फ्रुक्टोज, इन्व्हर्ट शुगर (जोडी फुटलेली साखर), सॉर्बिटॉल चालणार नाही.

इथं एक गोंधळ दूर करायला हवा. 'मलाही फ्रुक्टोज चालत नाही' असं म्हणणारी माणसं आता बरीच भेटतात आणि ती खोटं बोलत नाहीत. माझ्या नणंदेला हापूस, सफरचंद, कलिंगड खाल्लं की पोट फुगतं, कळा येतात, शौचाला धावावं लागतं. तिचा त्रास आतड्यातला. फ्रुक्टोज आतड्याच्या भिंतीतून आत घेणारा वाहक तिच्यात कमी पडतो, उरलेलं फ्रुक्टोज मोठ्या आतड्यात उतरतं आणि तिथले जिवाणू त्याचा वायू करतात. त्यानं हाल होतात, पण यकृताला धोका नसतो. सोबत ग्लुकोज असलं की फ्रुक्टोज बरं शोषलं जातं, त्यामुळं चहातली चमचाभर साखर अशा लोकांना बहुधा चालते, पण मध आणि आंबा बाधतो. कांदा, लसूण, गहू यांतले फ्रुक्टान्सही (फ्रुक्टोजच्या साखळ्या) त्यांना छळतात. ऑस्ट्रेलियातल्या मोनाश विद्यापीठानं अशा पोटांसाठी फॉडमॅप नावाची आहारपद्धत बसवली. काही आठवडे हे पदार्थ बंद ठेवायचे, मग एकेक परत आणून आपल्याला किती सोसतं ते पाहायचं. नणंदेला त्याचा गुण आला. आता ती आंब्याच्या दोन फोडी जेवणानंतर खाते आणि सुखानं झोपते.

माझ्या मुलीच्या बाबतीत 'थोडं देऊन पाहू' ही भाषाच चालत नाही. नणंदेची तपासणी श्वासातल्या हायड्रोजनची झाली, त्यासाठी तिला फ्रुक्टोजचं पाणी प्यायला दिलं होतं. तेच पाणी माझ्या मुलीला दिलं तर ती अतिदक्षता विभागात जाईल. ज्या माणसाला लहानपणापासून गोडाचा तिटकारा आहे, गोड खाल्ल्यावर घाम सुटून गळून जायला होतं, त्याला ही तपासणी करण्याआधी कुणीतरी थांबून विचारलं पाहिजे. दोन्ही आजारांना लोक एकाच नावानं हाक मारतात, आणि एकाचा सल्ला दुसऱ्याला दिला तर जीव जाऊ शकतो.

आता आमच्या चुलीबद्दल.

कोल्हापुरी घरात गोडाशिवाय स्वयंपाक होतो, असं मला लग्न होऊन आल्यावर कुणी सांगितलं असतं तर खरं वाटलं नसतं. आमच्याकडं आलेल्या माणसाला आधी गूळ-पाणी. आमटीत गुळाचा खडा, वांग्यात गुळाचा खडा, कारल्यात तर हवाच. सगळ्या घराची आमटी मी आता गुळाशिवाय करते. दोन आमट्या केल्या तर वाढायचा डाव बदलायची भीती असते. पहिला महिना सगळ्यांनी नाकं मुरडली. आता गूळ घातलेली आमटी पंगतीत खाल्ली की माझ्या मोठ्या मुलालाच ती गोडमिट्ट लागते.

गूळ काढणं सोपं, कारण तो दिसतो. न दिसणारं गोड काढायला वर्ष गेलं. आमचा कांदा-लसूण मसाला तिला बंद झाला, कारण वाळवलेल्या कांद्यात साखर भरपूर. टोमॅटो बंद, गाजर, बीट, रताळं, मका, हिरवे मटार बंद. चिंच बंद. शेंगदाण्यात साखर असते हे मला माहीतच नव्हतं, त्यामुळं भाजीतला कूटही गेला. तिच्यासाठी जिरं, मिरं, धणे आणि थोडी मिरची असा वेगळा मसाला कुटते. आंबटपणा ताकाचा, क्वचित लिंबाचे दोन थेंब. फ्लॉवर, कोबी, पालक, मेथी चालतात. बटाटा सोलून, मोठ्या पाण्यात उकडून, ते पाणी ओतून देते, कारण पाण्याबरोबर थोडी साखर निघून जाते. भाताला मर्यादा नाही, तो पोटभर. भाकरी-चपाती आहारतज्ज्ञ ताईंनी वजन करून ठरवून दिली आहे, कारण धान्याच्या कोंड्यातही थोडी साखर असते, आणि डाळीचंही तसंच. दूध, घरी विरजलेलं दही, ताक, लोणी, तूप, अंडी, मासे, मटण मोकळेपणानं. मटणाचं अळणी सूप हा तिचा आवडता पदार्थ. रविवारी सगळ्यांच्या ताटात तांबडा रस्सा, तिच्या वाटीत अळणी, वर मिरपूड आणि तूप. ती वाटी उचलून पिते तेव्हा मला या आजाराचा विसर पडतो.

मर्यादा किती कडक, ते हिशोबानं सांगते. चहाचा एक चमचा साखर म्हणजे साधारण पाच ग्रॅम. त्यात फ्रुक्टोज अडीच ग्रॅम. ताईंनी तिला दिवसभरासाठी ठरवून दिलेली मर्यादा याहून कमी आहे, आणि तेवढं भाज्या, डाळी आणि भाकरीतूनच जातं. साखरेला जागाच उरत नाही. थोडंथोडं रोज गेलं तर उलटी होणार नाही, झटका येणार नाही, पण मूल वाढायचं थांबतं आणि यकृत आतून खराब होत राहतं. म्हणून 'चमच्यानं काय होतंय' हे वाक्य मला ऐकवत नाही.

फळं नाहीत म्हणजे क जीवनसत्त्व बाहेरून द्यावं लागतं. दुकानात मिळणाऱ्या चघळायच्या गोळ्या साखरेत घोळलेल्या असतात. साध्या, बिनसाखरेच्या गोळ्या मिळवायला मला कोल्हापुरातल्या नऊ दुकानांत हिंडावं लागलं. गोड म्हणून तिला शुद्ध डेक्स्ट्रोज चालतं. तिच्या वाढदिवसाला मी त्याची तांदळाची खीर करते. पण बाजारातल्या चवीच्या ग्लुकोज पावडरीत साखरही घातलेली असू शकते, त्यामुळं डब्यावरचं बारीक अक्षर वाचल्याशिवाय काही घेत नाही. संक्रांतीला शेजारणी तिच्या हातावर तीळ आणि मीठ ठेवतात. जोतिबाला गेलो की प्रसादाऐवजी कपाळभर गुलाल. गावानं हे शिकून घेतलं, त्याबद्दल मी गावाची ऋणी आहे. शाळेत दातांची तपासणी झाली तेव्हा साऱ्या वर्गात तिचे एकटीचे दात किडीविना निघाले. ती ते सगळ्यांना उघडून दाखवत होती.

साहेब, एवढं एक गावातली बाई चुलीपाशी सांभाळू शकते. पण उंबऱ्याबाहेर वस्तूंवर जे लिहिलेलं असतं, ते मला सांभाळता येत नाही.

'ग्लुकोज बिस्किट' हा शब्द घ्या. आमच्या बाईंनी, म्हणजे शाळेतल्या शिक्षिकेनं, मुलीला ग्लुकोज चालतं हे लक्षात ठेवून मोठ्या प्रेमानं बिस्किट दिलं होतं. बिस्किटात साखर आणि इन्व्हर्ट सिरप होतं. त्या दुपारी मी शाळेत धावत गेले. दुसरा शब्द 'शुगर फ्री'. तो वाचून आजी-आजोबा आनंदानं पुडा घेऊन येतात, आणि आत असतं सॉर्बिटॉल किंवा माल्टिटॉल. सॉर्बिटॉलचं शरीरात फ्रुक्टोजच होतं. माल्टिटॉल पोटात फुटून सॉर्बिटॉल देतं. पुड्यावर कधी नाव लिहितात, कधी नुसता आकडा, ४२० किंवा ९६५. चारशे वीस म्हणजे माझ्या मुलीला विष, हे कुठली आजी ओळखणार? टूथपेस्टमध्येही सॉर्बिटॉल असतं, म्हणून ती दंतमंजनानं दात घासते.

खाण्याच्या पाकिटावर निदान घटकांची यादी असते, ती शिकून घेता येते. औषधाच्या बाटलीवर तीही नव्हती. झटक्याच्या आदल्या दिवशी दिलेल्या सिरपची बाटली माझ्याकडं अजून आहे. त्यावर औषधाचं नाव आहे, ते किती मिलिग्रॅम आहे ते आहे, रंग कुठला वापरला तेही आहे. आणि शेवटी लिहिलं आहे : 'फ्लेवर्ड सिरपी बेस'. प्रमाण, पुरेसं. औषधशास्त्राच्या पुस्तकातलं साधं सिरप म्हणजे वजनानं दोन तृतीयांश साखर. म्हणजे मोठ्यांदा सांगायला हवं होतं ते त्या दोन-तीन शब्दांत मिटून गेलं. मी औषधाच्या दुकानदाराला विचारलं, यात साखर आहे का. तो म्हणाला, असेल. दुसऱ्या दुकानात म्हणाले, शुगर फ्री आहे, बिनधास्त द्या. कंपनीला फोन केला तेव्हा समजलं की गोडीसाठी सॉर्बिटॉल आहे.

युरोपात औषधाबरोबरच्या माहितीपत्रकात साखर, फ्रुक्टोज, सॉर्बिटॉल असेल तर तसं लिहावं लागतं, आणि आनुवंशिक फ्रुक्टोज असहिष्णुता असलेल्यांनी काय करावं तेही लिहावं लागतं. यासाठी नवं यंत्र नको, शोध नको. बाटलीत काय ओतलं हे कारखान्याला माहीतच असतं. तेच बाहेर छापायचं आहे.

औषधांच्या लेबलांचे नियम केंद्राचे, १९४५ सालच्या औषध नियमांतले, ते मुंबईत बदलत नाहीत, हे मला ठाऊक आहे. पण महाराष्ट्रात औषधांचे किती कारखाने आहेत ते तुम्ही माझ्याहून चांगलं जाणता. तुमच्या खात्यानं दिल्लीला लिहिलं तर त्या पत्राला वजन असेल. लहान मुलांच्या प्रत्येक पातळ औषधावर, पाच मिलिलिटरमध्ये साखर किती, सॉर्बिटॉल किती, फ्रुक्टोज किती, हे आकड्यांत लिहावं, एवढीच शिफारस करा. मधुमेही मुलांच्या आयांनाही ते हवं आहे, दातांच्या डॉक्टरांनाही हवं आहे. आणि शब्दाचा अर्थ सरकारला राखता येतो, हे आपण पाहिलं आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणानं गोड पेयांच्या नावातून 'ओआरएस' (जुलाबात द्यायचं क्षार-ग्लुकोजचं पाणी) ही अक्षरं काढायला लावली. तसाच 'शुगर फ्री' आणि 'ग्लुकोज' या शब्दांचा विचार व्हावा.

त्याआधीही काही गोष्टी तुमच्या हातातल्या आहेत. औषध दुकानांचे परवाने तुम्ही देता. दुकानदारानं 'असेल' म्हणू नये, कंपनीकडून माहिती मागवून सांगावी, अशी एक सूचना तुमच्या सहीनं प्रत्येक तालुक्यात जाऊ शकते. सिरप बंद करा असं मी म्हणत नाही. गोडीमुळं लाखो लेकरं औषध गिळतात, हे मला कळतं. ज्याला चालत नाही त्याला बऱ्याच गोळ्या कुटून देता येतात, ताप असेल तर गुदद्वारातून द्यायचं औषध मिळतं. फक्त आम्हांला आधी कळायला हवं. लशींचंही तसंच. तोंडावाटे द्यायच्या काही लशींत साखर असते, त्याबद्दल मी आमच्या डॉक्टरांना विचारून घेते. बाकी सगळ्या लशी तिला दिलेल्या आहेत आणि प्रत्येक आईनं त्या द्याव्यात.

आरोग्य खातं तुमच्याकडं नाही, पण त्यांच्या बैठकांना तुम्ही बसता. आशाताईंना आणि अंगणवाडीच्या ताईंना एक प्रश्न शिकवायला सांगा : बाळ वरचं खायला लागल्यापासून ओकतंय का, गोड दिलं की घाम येऊन गळून जातं का? साखर-मिठाच्या पाण्याऐवजी ओआरएसचं पाकीट का घ्यायचं, तेही सांगा. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राच्या साध्या पाकिटात ग्लुकोज असतं, साखर नसते. ते माझ्या मुलीलाही चालतं. घरी ढवळलेल्या पाण्यानं तिला झटका आला, आणि सरकारी दवाखान्यात फुकट मिळणारं पाकीट त्या दिवशी फडताळात पडून होतं. जन्मलेल्या बाळाच्या जिभेवर मध टेकवण्याची आणि वर्षाच्या आत गुटीत मध घालण्याची पद्धतही थांबली पाहिजे. मधातल्या जिवाणूंच्या बीजांमुळं ते कुठल्याही तान्ह्या बाळाला धोक्याचं असतं, आमच्यासारख्यांना तर दुप्पट.

यंदाचा हंगाम सुरू झाला आहे. तुमचे अधिकारी येतील, आम्ही त्यांना बसायला खुर्ची आणि प्यायला ताजा रस देऊ, आणि हवा तेवढा गूळ तपासायला देऊ. या वेळी त्यांच्याजवळ मी ती बाटलीही देणार आहे. तळाशी वाळलेल्या सिरपचा गुलाबी थर अजून आहे. गुळाच्या नमुन्यासारखा त्याचाही नमुना घ्या, सील लावा, माझी सही घ्या. आत कुठली साखर होती आणि किती होती, ते मला लेखी कळवा.

कळावे,

आपली नम्र,
करवीर तालुक्यातली एक आई